देवाला दूर्वा, वाफ्यात हरळी

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. निवृत्तीनंतर तुम्ही घरामागच्या दोन गुंठ्यांत भाजीपाला लावला. पहिल्याच पावसाळ्यात लव्हाळा आणि हरळीने वाफे ताब्यात घेतले. शेजारच्या काकूंनी सांगितलं, "तण म्हणजे षड्रिपू. उपटताना म्हणायचं, हा काम गेला, हा क्रोध गेला. बाग साफ आणि मनही साफ." तुम्ही महिनाभर मनापासून तसं केलं. बाग साफ झाली नाही, क्रोध मात्र वाढला. शिवाय सकाळी ज्या दूर्वा गणपतीला वाहायच्या त्याच दुपारी दात-ओठ खात उपटायच्या, हे मनाला लागतं. तेव्हा या कामात खरंच काही अध्यात्म आहे, की कंबरदुखीला दिलेलं ते गोंडस नाव आहे, असं तुम्ही विचारलंय.

मी शेती खात्यातून निवृत्त झालो आणि आता कृष्णाकाठच्या एका लहान मठाची बाग बघतो. गुडघे अजून साथ देतात, म्हणून खुरपं माझ्याच हातात असतं. माझं मत आधीच सांगून टाकतो. तण काढण्यात साधना आहे, पण ती तणाला कशाचं तरी प्रतीक मानण्यात नाही, नेमात आहे. आणि लव्हाळा ज्या एका गोष्टीपुढे हळूहळू नमतो ती गोष्टही नेमच आहे. म्हणून मला ही दोन कामं वेगळी काढता येत नाहीत.

काकूंची उपमा जुनी आहे, कीर्तनात ऐकायला बरीही वाटते. वाफ्यात मात्र ती उलटते. तण म्हणजे शत्रू असं एकदा मनात बसलं की हात जोर लावतो, आणि लव्हाळ्याला नेमका तोच हवा असतो. एक रोप समोर घेऊन बघा. फुलोऱ्याचा दांडा चिमटीत धरून बोटांत फिरवा, तीन कडा लागतील. गवताचा दांडा असा नसतो. आता रोपाला हिसका द्या. बारीकसा 'कट्' आवाज होईल, पात हातात येईल आणि काम झाल्याचं समाधानही मिळेल. खाली बोटभर मातीत फुगीर बुडखा तसाच राहिलेला असतो. त्याच्या बाजूने काळा, चिवट, बारीक दोरा निघतो, त्याला पुढे कंद, परत दोरा, परत कंद, असे ओवल्यागत. कोवळा कंद पांढरा असतो, जुना काळपट आणि केसाळ. नखाने सोलला तर आत पांढरट आणि वासाला उग्र, थोडा कापराकडे झुकणारा.

या माळेत सगळे कंद एकदम फुटत नाहीत. शेंड्याकडचा फुटतो, मागचे बरेचसे झोपून असतात. दोरा तुटला की ही झोप मोडते आणि एकाच्या जागी चार कोंब वर येतात. म्हणूनच ज्यांनी उत्साहाने वाफ्यात रोटाव्हेटर फिरवला, किंवा रविवारी चार माणसं लावून कुदळीने सगळं उलथलं आणि पुढे दोन महिने तिकडे फिरकले नाहीत, त्यांच्याकडे लव्हाळा आधीपेक्षा दाट होतो. तुमच्या लिहिण्यातही हेच दिसतं. श्रम कमी पडले नाहीत, श्रमांची जात चुकली.

आणि स्वतःला फार दोष देऊ नका. जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांची जी क्रमवारी १९७७ मध्ये तणशास्त्रज्ञांनी लावली, तीत पहिला लव्हाळा आणि दुसरी हरळी. तुमच्या दोन गुंठ्यांत हे दोघे शेजारी-शेजारी नांदतायत.

आता नेमाचं सांगतो. पानं वर आली की ती उन्हात अन्न तयार करतात. सुरुवातीला कंद आपली शिल्लक खर्चून पान वर काढतो, मग पान ती शिल्लक परत भरतं, आणि साधारण तीन आठवड्यांनंतर नवे कंद धरायला लागतात. पान वर आलंय पण शिल्लक अजून भरलेली नाही, असा एक अवधी असतो. त्या अवधीत दर वेळी पान काढत गेलात तर कंद दर वेळी थोडा रिकामा होतो. एका कंदावर अनेक डोळे असतात, त्यामुळे तो एकदा-दोनदा नाही, पुष्कळदा फुटतो. शेवटी दमतो. पण मधे एकदा दीड-दोन महिने खंड पडला की मागचा सगळा हिशोब पुसला जातो.

आमच्या मठात मी यासाठी एकादशी धरली आहे. महिन्यात दोन, मधे पंधरवडा. लव्हाळ्याच्या चालीला हे अंतर बरोबर बसतं. लक्षात ठेवायला कॅलेंडरवर खूण करावी लागत नाही, घरात साबुदाणा भिजला की कळतं. उपवासाच्या दिवशी पोट हलकं असतं, वाकायला सोपं जातं, हा वरचा फायदा. (साबुदाण्याच्या खिचडीनंतर पोट हलकं राहतं का, हा प्रश्न कृपा करून विचारू नका.)

या नेमात पहिल्या पावसाळ्यात काहीही दिसत नाही. अक्षरशः काही नाही. एकादशीला साफ केलेला वाफा द्वादशीपासून परत टोकं दाखवायला लागतो. लव्हाळ्याचा कोंब एका दिवसात नजरेत भरेल इतका वाढतो. दुसऱ्या वर्षी पात बारीक येते, रंग फिका होतो, दोन कोंबांतलं अंतर वाढतं. ते ओळखायला नजर लागते, आणि ती नजर पहिल्या वर्षीच्या निष्फळ वाटणाऱ्या फेऱ्यांमध्येच तयार झालेली असते. मला अध्यात्म म्हणायचंय ते हेच. उपासनेत आपल्याला मोठा दिवस आवडतो. सप्ताह दणक्यात होतो, मांडव, पंगती, काल्याचं कीर्तन, आणि मग पोथी वर्षभर फडताळात. लहान, रोजचं, कुणाला न दिसणारं आणि लगेच काही न देणारं काम आपल्याला जड जातं. लव्हाळा मोठ्या दिवसाला दाद देत नाही, फक्त खंड पडतो का ते बघतो. असा परीक्षक घराच्या मागच्या दारी मिळणं दुर्मीळ आहे.

काढायची रीत. पाऊस पडून गेल्यावर लगेच चिखलात शिरू नका. वाफसा येऊ द्या. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा आणि बोटाने टिचकी मारली की फुटावा, इतका ओलावा. अशा मातीत लव्हाळा हिसक्याशिवाय निघतो. डाव्या हाताच्या चिमटीत अगदी मातीलगत धरायचं, उजव्या हाताने खुरप्याचं टोक दोन बोटं लांबून तिरकं घालायचं, माती उचलून ढिली करायची आणि मग वर न ओढता थोडं हलवत हलवत घ्यायचं. दोरा ताणला जातोय हे चिमटीला कळतं. ताण जाणवला की थांबून खुरपं अजून थोडं खाली. दहातले चार-पाच तरी कंदासकट येतात. बाकीचे तुटतील, त्यांच्यासाठी पुढची एकादशी आहेच. निघालेले कंद फरशीवर किंवा पत्र्यावर कडक उन्हात पसरा. वाळून खडखडीत झाले की मेले. कंपोस्टच्या खड्ड्यात ओले टाकलेत तर खतासोबत परत सगळ्या बागेत वाटले जातील.

राग मनात असताना ही रीत जमत नाही, स्वतः करून बघा. हात घाई करतो, चिमूट वर सरकते, पात तुटते. त्यामुळे काकूंनी सांगितलेला क्रोध उपटायचा मंत्र आणि कंद सलग काढायचं काम ही दोन्ही एका वेळी होऊच शकत नाहीत. मन शांत करून मग कामाला बसा, असं मी म्हणणार नाही, कारण मन असं सांगून शांत होत नसतं. चिमूट मातीलगत ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत बाकीचं आपोआप त्या चिमटीत येऊन बसतं.

किती जागा घ्यायची, याचं उत्तर शेतातल्या बायांकडे आहे. आमच्या सातारा-सांगलीकडे या कामाला भांगलण म्हणतात, खानदेश-विदर्भात निंदण, कोकणात बेणणी. रानात बाया ओळीने बसतात, प्रत्येकीची एक पात असते, म्हणजे तिच्या वाट्याची पट्टी. नजर आपल्या पातीवर, पुढे दिसणाऱ्या एकरभर रानावर नाही. तुम्ही लिहिलंय की खिडकीतून सगळी बाग एकदम दिसते आणि जीव दडपतो. साहजिक आहे. बाग खिडकीतून बघायची ती फुलं बघायला. तण बघायचं ते पातीत बसून. गोणपाटाची घडी गुडघ्याखाली घ्या, डाव्या-उजव्या हाताला जेवढं पोचतं तेवढीच तुमची पात. ती झाली की गोणपाट हातभर पुढे. अर्ध्या तासात जेवढं होईल तेवढं झालं.

इथे एक गोष्ट बजावून सांगतो. रोजंदारीवर दिवसभर उन्हात भांगलण करणाऱ्या बाईला या कामातलं अध्यात्म समजावायला जाऊ नका. तिची कंबर, तिचा हजेरीचा हिशोब आणि पातीत मागे पडलं तर ऐकावं लागणारं बोलणं, हे सगळं खरं आहे. आपण अर्धा तास हौसेने बसतो आणि चहाला उठतो. आपल्याला या कामात शांती मिळते याचं एक कारण असं की आपण ते केव्हाही सोडू शकतो. हे विसरून लिहिलेलं बागकामाचं तत्त्वज्ञान मला वाचवत नाही. मात्र त्या बाया चिमूट कशी धरतात, पाय कसे बदलतात, उठताना हात कुठे टेकतात, हे जरूर बघा. पुस्तकात नाही ते तिथे आहे.

नामस्मरण करावं का, असंही विचारलंय. करावंसं वाटलं तर करा, पण संख्या मोजू नका. मोजायला लागलं की लक्ष मण्यात जातं आणि हात भलतंच उपटतो. गाजराची कोवळी रोपं अशी गेलेली मी पुष्कळ पाहिली आहेत. नाम हाताच्या चालीत मुरलं तर ठीक, नाही तर मुकाट्याने बसलात तरी काही उणं नाही. फोन मात्र घरात ठेवा. कानात प्रवचन लावून तण काढणाऱ्यांनाही माझं तेच सांगणं आहे.

आता तुमची खरी बोच, दूर्वा. हरळी आणि दूर्वा एकच. तीन कोवळ्या पात्यांचा शेंडा देवघरात गेला की दूर्वा, बाकीचा पसारा वाफ्यात राहिला की हरळी. तुम्हाला यात विसंगती वाटते. मला वाटतं आपल्या पूर्वजांना हे तण तुमच्या-माझ्याइतकंच ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनच त्यांनी ते देवाला दिलं. दूर्वेच्या वैदिक मंत्राची सुरुवातच बघा: काण्डात्काण्डात्प्ररोहन्ती परुषः परुषः परि. कांड्याकांड्यातून, पेरापेरातून फुटत जाणारी. आणि पुढे मागणं असं की, हे दूर्वे, आम्हालाही तशीच शंभर वाटांनी, हजार वाटांनी वाढव. ज्या कुणी हे म्हटलं त्याने हरळीची धाव हातात धरून बघितलेली आहे. तुम्हीही बघा. जमिनीवरून पळणारी एक धाव अलगद उचला. प्रत्येक पेराला खाली पांढरी मुळं, वर पानांचा झुपका, आणि पेर मातीला टेकलं नसेल तर मुळांच्या जागी नुसते बारीक टोक आलेले. एक पेर तोडून ओल्या मातीवर टाकलं तर त्याची नवी हरळी होते. माळ्याला ज्या गुणाचा वीट येतो, त्याच गुणासाठी मंत्रात हात जोडलेत.

पुराणातली गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. अनलासुराला गिळल्यावर गणपतीच्या अंगाचा दाह कशानेच शमेना, तेव्हा ऋषींनी एकवीस-एकवीस दूर्वा वाहिल्या आणि तो शांत झाला. चंदनाने, चंद्राने जमलं नाही ते पायाखालच्या गवताने जमलं. गोष्ट म्हणून ऐका किंवा श्रद्धा म्हणून. वैशाखात सगळं करपल्यावरही हरळीची मुळं खाली ओल धरून असतात हे तरी खरं आहे.

तेव्हा मनाला लावून घेऊ नका, व्यवस्था करा. दूर्वांना बागेत त्यांची जागा ठरवून द्या. जुनं पसरट घमेलं किंवा सिमेंटची कुंडी घ्या, तळाला भोकं, खाली फरशी म्हणजे मुळं जमिनीत उतरणार नाहीत, स्वच्छ माती, सहा तासांचं ऊन. आठ-दहा पेरं खोचलीत की महिन्याभरात रोजच्या जुडीपुरत्या दूर्वा मिळतील. धाव कुंडीच्या काठावरून खाली लोंबली की कापायची, म्हणजे शेंडे कोवळे राहतात. मग वाफ्यातली हरळी काढताना हात कचरत नाही. ती काढायला खुरपं पुरत नाही, पण कुदळही नको. कुदळ तुकडे करते. दातेरी काटा घ्या, माती उचलून सैल करा आणि पांढरं, टोकदार, खालून पळणारं मूळ हाताने मागोवा घेत पुरतं काढा. हरळीला सावली सोसत नाही. रताळ्याचा वेल दाट पसरू दिलात तर त्याखाली ती निम्म्याने तरी खचते. लव्हाळाही सावलीत दुबळा होतो. काळा प्लास्टिक कागद हरळीवर चालतो, लव्हाळ्यावर भरवसा ठेवू नका, त्याची टोकं पातळ कागद सरळ भोसकून वर येतात.

पावसाळ्यातले आपल्याकडचे सण हे तणांचेच सण आहेत, हे तुमच्या लक्षात आलंय का? तण सर्वांत माजतं ते श्रावण-भाद्रपदात, आणि त्याच महिन्यांत त्याला देवघरात बोलावलं जातं. श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीला आघाडा आणि दूर्वांची माळ. आघाडा म्हणजे ते तण, ज्याची उलटी कुसळं साडीच्या काठाला धरून घरापर्यंत येतात. कोकणात गौर म्हणून तेरडा आणतात, रानात आपोआप उगवलेला. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून नांगराविना आलेल्या पाल्याची भाजी, आणि दातांना आघाड्याची काडी. वर्षातला एक दिवस तरी पेरलेलं बाजूला आणि न पेरलेलं ताटात. (हल्ली त्या दिवशी शहरातल्या मंडईत ऋषीच्या भाजीचे जे भाव असतात, ते बघून ऋषींनीही भुवया उंचावल्या असत्या.) आणि दिवाळीत उटण्याचा वास येतो त्यात नागरमोथा असतो, आयुर्वेदात ज्याला मुस्ता म्हणतात तो लव्हाळ्याचाच कंद. तुमच्या वाफ्यातले कंद धुऊन, सावलीत वाळवून, कुटून बघा. वास ओळखीचा निघेल. दोन गुंठ्यांतला सगळा लव्हाळा उटण्यात संपेल असं मात्र समजू नका.

तुकोबांनी महापुरात झाडं वाहून जातात तिथे लव्हाळे वाचतात, असं म्हटलं आणि लहानपण मागितलं. नदीकाठचा लव्हाळा वाकतो म्हणून वाचतो. वाफ्यातला वाकतही नाही, तो खाली शिल्लक ठेवतो म्हणून वाचतो. संतांनी त्याच्यापाशी काय बघितलं आणि माळ्याला काय दिसतं, दोन्ही आपापल्या जागी बरोबर. तुम्ही उगाच एकाला दुसऱ्यावर लादू नका.

हिंसेचं विचारलंत, की उपटताना जीव जातोच ना. जातो. गांडूळ तुटतं, मुंग्यांची अंडी उघडी पडतात, गोगलगाय पायाखाली येते. शेती करणाऱ्या कुणालाही यातून सुटका नाही आणि भाजी विकत आणल्याने ती हिंसा फक्त दुसऱ्याच्या रानात जाते. मी एवढंच पाळतो की गरजेपुरतं काढायचं. वाफ्यात आणि वाफ्याभोवती हातभर. कुंपणाकडेला केना, एकदांडी, आंबुशी राहू द्यायची. एकदांडीच्या फुलावर मधमाश्या आणि लहान फुलपाखरं दिवसभर असतात. घोळ आणि तांदुळजा आला तर सरळ स्वयंपाकघरात. घोळीची डाळ घालून भाजी ज्या घरात होते, तिथे ती तण राहतच नाही. सगळी जमीन उघडी, तांबडी, झाडून काढल्यागत दिसावी ही हौस आपली आहे. मातीला ती सोसत नाही. पावसाच्या थेंबाने उघडी माती वाहते आणि ऊन पडलं की टणक होते. एकदा तण काढलंत की दोन दिवसांत पालापाचोळा किंवा उसाचं पाचट चार बोटं जाड पसरा, नाही तर त्या रिकाम्या जागेवर काय उगवणार हे तुम्ही ठरवणार नाही.

एका तणाच्या बाबतीत मात्र मी कसलीही भावना ठेवत नाही, ते म्हणजे गाजर गवत. हे इथलं नव्हेच. १९५६ मध्ये पुण्यातून त्याची शास्त्रीय नोंद झाली, आयात गव्हाबरोबर आलं असं सांगतात, आणि आज देशभर पसरलंय. एका झाडाला हजारोंनी बी येतं. ते खायला मेक्सिकोहून आणलेले भुंगे १९८४ पासून आपल्याकडे सोडलेत, पावसाळ्यात पानांची चाळण करतात, पण तेवढ्याने भागत नाही. याच्या स्पर्शाने अंगाला खाज, चट्टे येतात, परागाने दमा असलेल्यांना त्रास होतो. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या, तोंडाला फडकं, आणि पांढरं फूल यायच्या आत मुळासकट उपटायचं. इथे बैठक, चिमूट, नाम काही नको. काम करा आणि हातपाय साबणाने धुवा. अंगावर आधीच चट्टे येत असतील तर स्वतः हात लावू नका.

फवारणीचं म्हणाल तर घरच्या भाजीच्या वाफ्यात मी तणनाशक वापरत नाही आणि वापरा असंही सांगणार नाही. ग्लायफोसेट मारून बघू का, असं तुम्ही विचारलंय. केंद्र सरकारच्या ऑक्टोबर २०२२ च्या आदेशानुसार ते फक्त परवानाधारक कीडनियंत्रण करणाऱ्यांनीच वापरायचं आहे. घरात पंप आणून स्वतः मारायचा विषय तिथेच संपतो.

पुढच्या वर्षासाठी दोन गोष्टी. सगळ्यात जास्त लव्हाळा आत येतो तो नर्सरीच्या पिशवीतून आणि विकतच्या लाल मातीच्या ट्रॉलीतून. नवं रोप आणलं की पिशवी फाडून मातीचा गोळा बघा, काळे मणी दिसले तर वेचून मगच लावा. ट्रॉलीची माती घेतलीत तर ती आधी एका कोपऱ्यात ढीग करून ओली ठेवा. पंधरा दिवसांत जे काही आत आहे ते कोंब काढून आपली ओळख देईल. आणि चैत्र-वैशाखात दोन वाफे रिकामे ठेवता आले तर वीतभर खोल खणून ढेकळं तशीच उन्हात तापू द्या, मधे एकदा उलटा, पाणी अजिबात नको. पावसाळ्यातल्या सहा एकादश्यांचं काम तेवढ्यात होतं. एप्रिल-मेमध्ये पारदर्शक प्लास्टिक ओल्या मातीवर घट्ट ताणून चार-सहा आठवडे ठेवायची पद्धतही आहे. बियांवर ती चांगली चालते, लव्हाळ्याचे खोलवरचे कंद मात्र बरेचसे वाचतात.

राहिला काकूंच्या कुंपणाखालून येणाऱ्या हरळीचा प्रश्न. तुम्ही तुमच्या बाजूने कितीही नेम केलात तरी त्यांच्या बाजूने ती येतच राहणार. कुंपणालगत वीत-दीड वीत खोल चर खणा, त्यात जुन्या पत्र्याचे किंवा फायबरच्या शीटचे तुकडे उभे पुरा, चार बोटं जमिनीवर राहतील असे. वरून उडी मारून आलेल्या धावा दर एकादशीला कापा. चर खणायच्या आधी काकूंना सांगा, आणि जमलं तर त्यांनाच बोलवा. पत्र्याचं एक टोक धरायला माणूस लागेलच, आणि षड्रिपूंचं बोलणं त्या वेळी निवांत होईल. श्रावण संपायच्या आत हे करून घ्या, भाद्रपदात माती बसली की पहार लागते.